विद्यार्थ्याचा शब्द आणि विद्यापीठाचा दंड

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



मराठीच्या अध्यापकाने शताब्दीच्या व्यासपीठावर संतवाङ्मयावर किंवा नाट्यपरंपरेवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. संयोजकांनीही मला तसेच सुचविले होते. परंतु गेली काही वर्षे वर्गात शिकवताना, आणि त्याहून अधिक वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात विद्यार्थ्यांशी बोलताना, एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. शासनाच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाला, एखाद्या विद्यार्थ्याने फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअॅप यांवर लिहिलेल्या आणि कुणाला तरी झोंबणाऱ्या मजकुराबद्दल शिक्षा करता येते काय? हा प्रश्न वकिलांचा आहे, असे कुणी म्हणेल. मला तो आधी वाचकांचा वाटतो. शब्दाची जबाबदारी कुणाची आणि त्याचा न्याय कोणी करावयाचा, हे ज्या संस्थेने शंभर वर्षे शब्दच जपले तिथे बोलायचे नाही, तर कुठे बोलायचे?

प्रथम प्रसंग सांगतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

मे २०२५. ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले त्या दिवशी, ७ मे रोजी, पुण्यातील सिंहगड अॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग या महाविद्यालयात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याच कुणाचा तरी, भारत सरकारवर टीका करणारा मजकूर पुढे पाठविला. मजकूर तिचा स्वतःचा नव्हता. त्यावर धमक्या येऊ लागताच तिने दोन तासांच्या आत तो काढून टाकला आणि क्षमाही मागितली. दोनच दिवसांनी, ९ मे रोजी, महाविद्यालयाने तिला काढून टाकले. कारण असे दिले की तिच्यामुळे संस्थेच्या नावाला बट्टा लागला. तिचे म्हणणे कुणी ऐकून घेतले नाही. त्याच दिवशी पोलिसांनी तिला अटक केली आणि तिची रवानगी येरवड्यास झाली. २४ मेपासून सत्रपरीक्षा होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सुटीकालीन खंडपीठाने, म्हणजे न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन यांनी, तिची तत्काळ सुटका करण्याचा आदेश दिला, काढून टाकण्याच्या पत्राला स्थगिती दिली आणि तिला परीक्षेस बसू देण्यास सांगितले. शासनाच्या आणि महाविद्यालयाच्या वागण्यावर न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले. शिक्षणसंस्थेचे काम विद्यार्थ्याला सुधारण्याचे आहे की गुन्हेगार बनविण्याचे, असा त्या विचारण्याचा रोख होता. मुलीलाही समाजमाध्यमांवर संयम बाळगण्याची समज मिळाली. तोपर्यंत तिचे दोन पेपर हुकले होते.

हे महाविद्यालय खासगी आहे, हे मी विसरलेलो नाही. पण ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. परीक्षा आणि पदवी त्या सार्वजनिक विद्यापीठाची. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाला जोडलेली होती आणि २०१९ साली छिंदवाड्यास विद्यापीठ झाल्यावर तिकडे गेली. तेव्हा हा धागा आपल्याला परका नाही. महाविद्यालय कुणाचेही असो, मुलाची गुणपत्रिका शासनाच्या कायद्याने बांधलेल्या हातांतूनच येते.

आता थोडे मागे जाऊ. पुण्यातल्या घटनेने अनेकांना वाटले की हा मोबाइलने आणलेला नवा रोग आहे. तसे मुळीच नाही. विद्यार्थ्याचा शब्द आणि संस्थेचा दंड यांचे भांडण महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुने आहे. १९०५ साली वंगभंगाच्या वेळी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी होते. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. परांजपे हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सर्वप्रथम आलेला, बुद्धिवादी, उदारमतवादी असा हा मनुष्य. परंतु कॉलेजच्या डोक्यावर सरकारी अनुदानाची तलवार टांगलेली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बंगाल सरकारचे मुख्य सचिव कार्लाइल यांचे परिपत्रक निघाले. ज्या संस्थांचे विद्यार्थी राजकारणात भाग घेतील, त्यांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद, असा त्याचा मथितार्थ होता. १९०७ साली रिस्ले यांच्या परिपत्रकाने तोच दम साऱ्या देशाला दिला. अशा शिक्षकांविषयी ‘केसरी’ने जो अग्रलेख लिहिला, त्याचे शीर्षकच ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ असे होते. ते शीर्षक आज म्हणीसारखे वापरले जाते. परंतु ते कोणत्या भांडणातून जन्मले, हे वापरणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर नागपूरचे घ्या. त्या काळी आपला बालाघाट जिल्हा नागपूर विभागातच मोडत होता. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये १९०७–०८ च्या सुमारास शाळातपासनीस वर्गात आले असता विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’चा घोष केला. त्या प्रकरणी शाळा सोडावी लागलेला विद्यार्थी म्हणजे केशव बळिराम हेडगेवार. पुढे ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले. आणि १९३८ साली तर खुद्द एका विद्यापीठानेच हे केले. निजामाच्या राज्यात, मराठी मुलखातल्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. बंदी आली, चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचली आणि विद्यार्थी शेकड्यांनी बाहेर पडले. राज्यात त्यांना कुठे थारा मिळेना, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच चळवळीतले विद्यार्थी. कायद्याची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठाचीच घेतली.

मी ही नावे मुद्दाम एकापुढे एक ठेवली. यांतले काही तुम्हांला प्रिय असतील, काही नसतील. मलाही सगळे सारखे प्रिय नाहीत. पण शिक्षा करणाऱ्याला त्या त्या वेळी तो शब्द ‘आक्षेपार्ह’ वाटला होता, संस्थेच्या नावाला बट्टा लावणारा वाटला होता, आणि शिक्षा करण्याचे कारण तेव्हाही हेच सांगितले गेले होते. छडी तीच राहते, फक्त हात बदलतात. आज ज्याच्या हातात ती आहे, त्याने ती उद्या कुणाच्या हाती जाईल याचा विचार करून तिची लांबी ठरवावी.

आता कायद्याकडे वळतो. मी कायद्याचा पंडित नव्हे. पण राज्यघटना हेही एक पुस्तक आहे आणि पुस्तक वाचणे हा माझा व्यवसाय आहे.

घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकाला भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्यावर वाजवी निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतील, ती कारणे मोजून दिली. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. या यादीत ‘संस्थेची प्रतिमा’ नाही. ‘भावना दुखावणे’ हे स्वतंत्र कारण म्हणूनही नाही. दुसरी गोष्ट, निर्बंध घालायचा तो ‘कायद्याने’ घालावा लागतो. कुण्या साहेबाच्या टेबलावरून सुटलेले परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे.

ही दुसरी गोष्ट वरवर रुक्ष वाटते, पण तिच्यावर तीन शाळकरी मुलांचे शिक्षण एकदा तरले आहे. १९८५ साली केरळात एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या निकालात जी कारणे दिली, त्यांत एक हेही होते की शिक्षण खात्याच्या सूचनांना कायद्याचे बळ नव्हते. विद्यापीठाचे मात्र थोडे निराळे आहे. आपल्याकडे मध्य प्रदेश विश्वविद्यालय अधिनियम १९७३ आहे, शेजारी महाराष्ट्रात सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ आहे. या अधिनियमांखाली रीतसर केलेले नियम कायद्याच्या पंक्तीत बसू शकतात. तेव्हा विद्यापीठाला विद्यार्थ्याच्या वर्तनाविषयी नियम करताच येत नाहीत, असे मी म्हणत नाही. करता येतात. पण ते आधी केलेले आणि छापलेले असावेत, मुलाला वाचायला मिळालेले असावेत, आणि त्यांतले कारण घटनेच्या यादीत बसणारे असावे. प्रसंग घडल्यावर रातोरात लिहिलेला नियम हा नियम नसून निमित्त असते.

‘आक्षेपार्ह’ या शब्दाविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने विस्ताराने लिहिले आहे, आणि त्याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंतीची खूण केली. दोघींना अटक झाली. ते वाचून दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. त्या कलमात ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘त्रासदायक’ असे शब्द होते. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की एकाला जे आक्षेपार्ह वाटते ते दुसऱ्याला वाटत नाही. अशा निसरड्या शब्दावर कुणाला तुरुंगात धाडता येत नाही. चर्चा निराळी, एखाद्या मताचा पुरस्कार निराळा आणि चिथावणी निराळी. पहिल्या दोन, कितीही कडू असल्या तरी, सोसाव्या लागतात. निर्बंधाचा अधिकार तिसरीपाशी सुरू होतो.

यावर कुणी म्हणेल, तुरुंग निराळा आणि महाविद्यालयातून काढणे निराळे. खरे आहे. पण बैहर किंवा लांजीकडच्या एखाद्या खेड्यातून, घरातला पहिलाच पदवीचा विद्यार्थी म्हणून बालाघाटच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला विचारा. त्याचे एक वर्ष गेले म्हणजे शिष्यवृत्ती गेली, खोली गेली आणि घरी बापाने ‘आता शेतावर चल’ म्हटले की संपले. जामिनावर सुटता येते. हुकलेले वर्ष जामिनावर सुटत नाही. सार्वजनिक विद्यापीठ हे घटनेच्या दृष्टीने ‘राज्यसंस्था’च आहे. राज्याला जे एका दाराने करता येत नाही, ते त्याने कुलसचिवाच्या दाराने करावे, हे मला पटत नाही.

इथवर ऐकून काहींना वाटेल की मी प्रत्येक बेलगाम जिभेचा वकील होऊन उभा आहे. तसे नाही. आणि हाच या विषयाचा खरा अवघड भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही, आणि ओळखणाऱ्यांनीही सांगू नये) एकाच सत्रात दोन प्रकरणे घडली. एका मुलाने वसतिगृहाच्या जेवणावर आणि प्रयोगशाळेतल्या फुटक्या उपकरणांवर एक विडंबन रचून समाजमाध्यमावर टाकले. त्यात प्राचार्यांच्या पोटाच्या घेराचाही उल्लेख होता. तो टाळता आला असता, पण यमक जुळत होते. दुसऱ्या प्रकरणात वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर काही मुलांनी एका बैगा विद्यार्थ्याचे, तो डबा खात असतानाचे छायाचित्र टाकले आणि त्याखाली त्याच्या जातीवरून, रंगावरून, भाषेवरून दिवसभर टवाळी केली. संध्याकाळी तो मुलगा खोलीतले सामान बांधून गावी निघून गेला. महाविद्यालयाने काय करावे? पहिल्या मुलाला पंधरा दिवस निलंबित केले. दुसऱ्या प्रकरणात ‘मुलांची थट्टा आहे, आपसांत मिटवा’ असे सांगितले. बैगा मुलगा परत यायला सव्वा महिना लागला, तोही त्याच्या दोन मित्रांनी गावी जाऊन समजूत घातली म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. संस्थेला स्वतःचा अपमान तत्काळ कळतो. विद्यार्थ्याचा कळायला फार वेळ लागतो.

दुसऱ्या प्रकरणातला मजकूर हे ‘मत’ नव्हते. कशाविषयी मत? त्या मुलाने डबा खावा की न खावा याविषयी? तो एका विशिष्ट विद्यार्थ्यावर, त्याला तिथून हाकलून लावील असा केलेला मारा होता. इथे विद्यापीठाला अधिकार आहे. अधिकार कसला, कर्तव्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ सालापासून आहेत, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराचा १९८९ चा कायदा आहे. एखाद्या मुलीचे छायाचित्र विकृत करून फिरविणे, एखाद्याला जिवे मारण्याची धमकी देणे, परीक्षेच्या आदल्या रात्री प्रश्नपत्रिका पसरविणे, हे सारे मोबाइलवरून केले म्हणून अभिव्यक्ती ठरत नाही. १९७३ सालचा रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचा निकाल या संदर्भात वाचण्याजोगा आहे. रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरून त्यांना त्रास देणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांसाठी काढण्यात आले. तक्रार करणाऱ्या मुलींचे जबाब आरोपींसमोर घेतले नाहीत, उलटतपासणी होऊ दिली नाही, अशी त्यांची हरकत होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही. त्या मुलींना उघड समोर उभे करणे म्हणजे त्यांना पुन्हा संकटात लोटणे होते, हे न्यायालयाने ओळखले. न्यायाची रीत ताठर असता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. रीतच नको, असा मुळीच नव्हे.

माझी कसोटी म्हणून साधी आहे. आपल्या वाचनालयातलेच उदाहरण घेतो. एखाद्या वाचकाने वाचनालयाच्या पुस्तकाच्या समासात लेखकाविषयी पेन्सिलने अपशब्द लिहिले, तर ग्रंथपाल त्याला दंड करतात. तो दंड पुस्तक खराब केल्याचा असतो. त्याने त्याच जागी लेखकाची स्तुती लिहिली असती तरी तेवढाच झाला असता. तोच वाचक हनुमान चौकात उभा राहून ‘त्या वाचनालयात सगळी भिकार पुस्तके आहेत’ असे ओरडू लागला, तर त्याचे सभासदत्व रद्द करण्याचा अधिकार आपल्याला नाही. फार तर आपण नवी पुस्तके घ्यावीत. आणि तो वाचनकक्षात येऊन दुसऱ्या वाचकाच्या हातातले वर्तमानपत्र ओढून त्याला जातीवरून बोलू लागला, तर त्याला हाताला धरून बाहेर काढलेच पाहिजे. बोललेला शब्द तिन्ही ठिकाणी वाईटच असेल. पण त्याने दुसऱ्याचे वाचन अडले का, हा प्रश्न तिसऱ्याच ठिकाणी होकारार्थी येतो. विद्यापीठाने ‘वाचन’ऐवजी ‘शिक्षण’ शब्द घालावा.

अमेरिकेतील न्यायालये बरीच वर्षे जवळपास याच रेषेभोवती घुटमळत आहेत. १९६९ साली मिसूरी विद्यापीठाने एका पदव्युत्तर विद्यार्थिनीला अश्लील व्यंगचित्र छापलेले वृत्तपत्र आवारात वाटल्याबद्दल काढले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सार्वजनिक विद्यापीठाला केवळ सभ्यतेच्या नावाखाली असे करता येत नाही, असे म्हणून तिला परत घेण्यास लावले. २०२१ सालचे एक प्रकरण शाळकरी मुलीचे आहे. शाळेच्या चमूत निवड न झाल्याच्या रागात तिने शनिवारी, शाळेबाहेर, समाजमाध्यमावर चार शिव्या लिहिल्या. शाळेने तिला वर्षभरासाठी चमूतून काढले. आठ विरुद्ध एक मताने निकाल मुलीच्या बाजूने लागला. शाळेतले बोलणे शाळेच्या ताब्यात आणि घरचे बोलणेही शाळेच्याच ताब्यात, असे झाले तर मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत बोलायला एकही तास उरणार नाही, हा त्यातला युक्तिवाद मला फार मार्मिक वाटला. छळ आणि धमक्या यांच्या बाबतीत शाळेचा अधिकार त्या न्यायालयानेही राखून ठेवला आहे. आपण त्यांचे कायदे उसने घ्यावेत असे नाही. आपल्या घटनेतले निर्बंध त्यांच्यापेक्षा अधिक स्पष्ट लिहिलेले आहेत. ते वाचले तरी पुरे.

तरीही आपल्याकडे चित्र एकरंगी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ सालची, १९६४ पासून अभिमत विद्यापीठ आणि केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी. तिने एप्रिल २०२४ मध्ये पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. दिल्लीच्या एका मोर्चात संस्थेच्या नावाचा समावेश असलेल्या विद्यार्थी संघटनेच्या फलकाखाली भाग घेणे आणि आनंद पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त माहितीपट पाहण्याचे आवाहन समाजमाध्यमावर करणे, हे त्यातले प्रमुख आक्षेप होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. विद्यार्थ्याला आपले राजकीय मत असू शकते, मात्र संस्थेचे नाव लावून ते संस्थेचेच मत भासविता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरते मर्यादित केले आणि त्याला संशोधन पुरे करण्याची मुभा दिली. दोषी ठरविल्याचा निष्कर्ष मात्र पुसला नाही.

नावाविषयीचा उच्च न्यायालयाचा मुद्दा मला अर्धा पटतो. संस्थेच्या नावाचा शिक्का मारून पत्रक काढले, तर संस्थेला खुलासा करण्याचा, नाव वापरू नको असे बजावण्याचा अधिकार आहे. पण राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट पाहा, असे सांगणे हा अपराध कसा होतो, हे मला आजही उमगलेले नाही. आणि दोन वर्षे? संशोधन करणाऱ्याची दोन वर्षे म्हणजे काय, हे ज्यांनी प्रबंध लिहिला आहे त्यांना विचारावे. अपराध आणि शिक्षा यांचे प्रमाण राखणे, हे शिक्षकाला वेगळे शिकवावे लागू नये. एका चुकीच्या गणिताला आपण पूर्ण उत्तरपत्रिका शून्य देत नाही.

रीतीविषयी थोडेच बोलतो, कारण ती निर्विवाद आहे. परीक्षेत गैरप्रकार केल्याचा ठपका ठेवून निकाल रद्द करण्याआधी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाला १९६२ सालीच सांगितले आहे. तेव्हापासून साठाहून अधिक वर्षे लोटली. तरीही पुण्यात २०२५ साली एका मुलीला न विचारता काढले जाते आणि उच्च न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागते. इथे कायद्याचे अज्ञान नसते, घाई असते. बाहेर जमाव जमलेला असतो, दूरध्वनी खणखणत असतो, वाहिनीवर महाविद्यालयाची पाटी दाखविली जात असते, आणि प्राचार्यांना वाटते की सायंकाळपर्यंत काहीतरी ‘कारवाई’ दिसली पाहिजे. मी प्राचार्यांची थट्टा करीत नाही. त्या खुर्चीत बसणे सोपे नाही. पण जमावाला शांत करण्यासाठी मुलाचा बळी देणे हे शिस्तपालन नव्हे. त्याला संरक्षण देणे, दोन दिवस थांबणे, पालकांना बोलावणे आणि लेखी उत्तर मागणे, एवढे केले तरी निम्मी प्रकरणे तिथेच विरून जातील. शब्दाने शब्द वाढतो, तसा तो थोडा वेळ दिला की कमीही होतो.

जाता जाता एक निरीक्षण. विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवरील संयमाचे धडे देणारे आम्ही प्राध्यापक मंडळी सकाळी उठल्याबरोबर गटागटांवर काय काय पुढे ढकलतो, ते मुले पाहत असतात. पुण्याच्या त्या मुलीने न तपासता दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठविला. तसे करणाऱ्या प्रत्येकाला काढायचे ठरले, तर सेवानिवृत्तीचे वय आम्हांपैकी फार थोडे जण गाठतील.

आपल्या राज्यात विद्यापीठाच्या प्रमुखाला पूर्वी ‘कुलपती’ म्हणत. महाराष्ट्रात तो शब्द राज्यपालांसाठी आहे, त्यामुळे गोंदियाहून येणाऱ्या पाहुण्यांचा नेहमी घोटाळा होई. २०२४ साली मध्य प्रदेशाने ‘कुलपती’ बदलून ‘कुलगुरू’ केले. मराठी माणसाला हा बदल सुखावणारा आहे. पती सत्तेचा असतो, गुरू विद्येचा. पण पाटी बदलली म्हणजे ‘केसरी’च्या त्या जुन्या शीर्षकातला प्रश्न सुटला, असे होत नाही. अधिनियमाखाली विद्यापीठांचे अध्यादेश करणारी समन्वय समिती भोपाळला बसते. तिच्यापर्यंत आपला आवाज पोचविण्याचे मार्ग आहेत. जिल्ह्यातील वकील, शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून एक निवेदन तयार करावे, असे मी आपणांस सुचवितो. त्यात फार काही मागायचे नाही. समाजमाध्यमांवरील वर्तनाविषयी जो नियम असेल तो प्रवेशाच्या वेळी हिंदीत आणि सोप्या भाषेत छापून द्यावा. ‘प्रतिमा मलिन करणे’ यासारखे शब्द त्यातून काढावेत. सहाध्यायाचा छळ, धमकी आणि जातिवाचक अपमान ही कारणे नावानिशी घालावीत. लेखी खुलाशाशिवाय कुणालाही काढू नये. आणि चौकशी चालू असताना परीक्षेस बसू द्यावे. निकाल हवा तर राखून ठेवावा. मला विचाराल तर ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. राखून ठेवलेला निकाल पुढे जाहीर करता येतो, न दिलेला पेपर देता येत नाही.

या कामासाठी मूळ कायदा हाताशी असला पाहिजे. आपल्या संदर्भ विभागात विश्वविद्यालय अधिनियमाची प्रत नाही, असे ग्रंथपालांनी मला सांगितले. माझ्याकडची प्रत मी आजच त्यांच्या स्वाधीन केली आहे. शिस्तपालनाविषयीच्या अध्यादेशाची छायाप्रतही तीत घातली आहे आणि त्या जागी कागदाची खूण ठेवली आहे. सभासदांनी ती पाहावी.